सतरावा अंक

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. बेंगळुरूच्या राजाजीनगरात आमच्या गल्लीत मला समोर शालनक्का म्हणतात आणि मागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. भाजीवाल्यापासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत सगळ्यांशी माझं एकदा तरी वाजलंय. पण त्या रविवारी बसवनगुडीच्या हॉलमध्ये मला जो राग आला, तसा एकसष्ट वर्षांत आला नव्हता. दोनशे माणसं हसली माझ्या बापाला. दोनशे!

बाप म्हणजे अण्णा. बाहेर त्यांना नरसिंहराव म्हणतात, जुने विद्यार्थी सर म्हणतात. वय शहाऐंशी. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. शिकवायचे कन्नडमधून आणि ओरडायचे मराठीतून. आमचं घराणं साडेतीनशे वर्षं याच मुलखात आहे, तेव्हा घरातली भाषाही तशीच, थोडी इकडची थोडी तिकडची. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांशीही माझं वाजलेलं आहे.

आई गेली त्या वर्षी अण्णांनी एक खूळ डोक्यात घेतलं. त्यांनी स्वतःलाच एक प्रश्न घातला. अशी संख्या लिहायची की तिचे पहिले दोन अंक घेतले तर दोननं भाग जावा, पहिले तीन घेतले तर तीननं, पहिले चार घेतले तर चारनं, आणि असंच पुढं. कितीपर्यंत जाता येईल? छत्तीसला दोननं भाग जातो. तीनशे साठला तीननं. तीन हजार सहाशे आठला चारनं. पुढं एकेक अंक लावत जायचा आणि दर वेळी भागून बघायचं. जमलं तर ठेवायचं, नाही जमलं तर काट. अशा सगळ्या, सगळ्याच्या सगळ्या, शोधायच्या.

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर आहे ना. होता हो. शेजाऱ्यांकडं होता, सगळ्यांकडं होता. अण्णांना नको होता. रोज सकाळी कॉफी झाली की वही उघडायची आणि भागाकार करत बसायचं. अकरा वर्षं. एकतीस वह्या. एकूण वीस हजार चारशे छपन्न संख्या निघाल्या, म्हणजे रोजच्या साधारण पाच. मी विचारायची, "याचा उपयोग काय?" तर म्हणायचे, "तुझ्या रागाचा काय उपयोग आहे? तो तू करतेसच ना?"

एक मात्र कबूल करते, ते सांगायचे तेव्हा ऐकावंसं वाटायचं. सुरुवातीला गर्दी वाढत जाते, म्हणायचे. एक अंकी नऊ, दोन अंकी पंचेचाळीस, तीन अंकी दीडशे. नऊ अंकी दोन हजार चारशे ब्याण्णव, आणि दहा अंकीही नेमक्या तेवढ्याच. मग गळती लागते. वीस अंकांपर्यंत येईतो चव्वेचाळीस उरतात. तेवीस अंकी सहा, चोवीस अंकी तीन. आणि पंचवीस अंकी एक. एकच! त्याच्या पुढं काही नाही, रस्ता संपला. ती एक संख्या त्यांनी एकतिसाव्या वहीच्या शेवटच्या पानावर पाच-पाच अंकांच्या पाच ओळींत लिहिली होती:

३६०८५
२८८५०
३६८४०
०७८६०
३६७२५

"जगात कुणाला तरी आधीच ठाऊक असेल," असं म्हणाले होते त्या दिवशी. "पण मला नव्हतं ठाऊक. मी चालत गेलो तिथवर." आणि त्यांनी शेजारपाजारी म्हैसूरपाक वाटला. कशाबद्दल ते कुणाला कळलं नाही.

त्यानंतर डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. पडद्याचा आजार, समोरचं मधोमध काही दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. माणसाला बघायचं तर त्याच्याकडं न बघता बाजूला बघावं लागतं. वाचणं तर संपलंच. वह्या कपाटात गेल्या.

आता आमच्या मराठी मंडळानं यंदा ठरवलं, ज्येष्ठांचा सत्कार करायचा. सेक्रेटरी नागनाथ. बेळगावकडचा, इथं इन्शुरन्समध्ये आहे, बोलायला मध आणि कामाला शून्य. त्याचा फोन आला, "अक्का, सरांची ती संख्या मोठ्या पाटीवर छापू या, स्टेजवर लावू या. मला लिहून पाठवता काय?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी वही काढली आणि कागदावर उतरवायला बसले. तेवढ्यात याचा परत फोन. म्हणे, सरांना पाचच मिनिटं मिळतील, कारण नंतर गाण्याची स्पर्धा आहे. झालं, माझं डोकं फिरलं. फोन खांद्यात धरला, हातानं अंक उतरवतेय, तोंडानं नागनाथची हजेरी घेतेय. "अकरा वर्षांच्या कामाला पाच मिनिटं? आणि त्या बेसूर पोरींना दोन तास?" तो आपला "अक्का, स्वल्प समजून घ्या, स्वल्प समजून घ्या" करतोय. शेवटी दहा मिनिटं कबूल करून घेतली तेव्हा फोन ठेवला.

मग मी ताळा पाहिला. आमच्या घरात आकडा उतरवला की ताळा पाहिल्याशिवाय तो कुणाला देत नाहीत, फोन नंबर असला तरी नाही. अण्णांची सवय. नवाचा ताळा म्हणजे सोपं काम, सगळे अंक मिळवायचे आणि नऊनं भागून बाकी बघायची. वहीत त्या संख्येखाली अण्णांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, नवाचा ताळा दोन. मी माझ्या कागदावरचे अंक मिळवले. एकशे दहा. बाकी दोन. जुळला! फोटो काढला, नागनाथला पाठवला. मी बत्तीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली आहेत. माझ्या हातून गेलेल्या मजकुरात चूक निघाली असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणायची कुणाची टाप नव्हती.

तर तो रविवार. स्टेजवर ही मोठी पाटी, तिच्यावर पंचवीस अंक. अण्णा पांढरं धोतर, काळा कोट घालून खुर्चीत. शाल झाली, नारळ झाला. मग नागनाथनं माईकवर सांगितलं की आपल्यासाठी एक सरप्राइज आहे. सरप्राइज म्हणजे योगीराज. पुण्याहून आलेला, व्हाइटफील्डला नोकरी, तिशीचा असेल. लॅपटॉप पडद्याला जोडून उभा राहिला.

"नमस्कार सर. मी ना, एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. पाटीवरचा नंबर टाकायचा आणि प्रत्येक स्टेपला चेक करायचं. बरोबर असेल तर हिरवं, नाहीतर लाल. म्हणजे लोकांना व्हिज्युअली कळेल ना, सरांनी काय केलंय ते."

चांगल्या मनानं केलं होतं त्यानं, हे आज म्हणते. त्या दिवशी म्हणाले नसते.

तो एकेक पायरी मोठ्यानं वाचत गेला. दोन, हिरवं. तीन, हिरवं. लोक टाळ्या वाजवायला लागले. दहा, अकरा, बारा, तेरा. माझी छाती फुगलेली. सोळा, हिरवं. "आता सतरावा अंक, आठ," तो म्हणाला, आणि पडदा लाल झाला.

"बाकी एक," योगीराज म्हणाला. त्यानं परत चालवलं. परत लाल. "सर, आय थिंक इथे काहीतरी इश्यू आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अकरा वर्षांत सोळापर्यंतच पोचले की सर!" आणि हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या, ज्यांना अण्णांनी फुकट शिकवून दहावी पास केलं, त्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. नागनाथ हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, तेवढ्यात अण्णा काठी टेकून उभे राहिले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "वय झालं. माफ करा." आणि बसले.

चूक माझी आहे! ज्या माणसानं जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही, तो दोनशे माणसांसमोर हात जोडून माफी मागतो! परतताना रिक्षात मी अख्ख्या रस्ताभर बोलत होते. नागनाथला बोलले, योगीराजला बोलले, त्या लॅपटॉपला बोलले, शेवटी अण्णांना बोलले. "तपासल्याशिवाय कबूल का केलंत? भांडायचं तरी!" रिक्षावाला आरशातून बघत होता. त्यालाही सुनावलं, पुढं बघ म्हणून.

घरी आल्यावर चहा पिताना अण्णा म्हणाले, "शालन, शनिवारी गुजरीवाला येतो ना?"

गुजरीवाला म्हणजे रद्दी नेणारा. "येतो. का?"

"त्या एकतीस वह्या देऊन टाक."

मी कप खाली आपटला. "काहीतरीच काय!"

"मला वाचता येत नाहीत. तुला नकोत. चुकीच्या वह्या ठेवून कपाट कशाला अडवायचं? शनिवारी दे. आणि उघडून बसू नकोस, धूळ आहे, तुला खोकला होतो."

मी तो आठवडा कसा काढला माझं मला ठाऊक. सोमवारी योगीराजला फोन लावून झाडला. तो बिचारा म्हणाला, "काकू, मी फक्त पाटीवरचं टाइप केलं. तुम्ही हातानं भागून बघा ना." मी म्हटलं, तू मला गणित शिकवू नकोस. आणि फोन आपटला.

पण खरं सांगायचं तर मी सातवीनंतर गणिताला हात लावलेला नाही. तेही सांगते. अण्णा माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गाला होते. सातवी ब. फळ्यावरचा एक भागाकार मी वहीत उतरवताना पंचेचाळीसचे चोपन्न केले. अण्णांनी वही वाचली, वर्गाला दाखवली, आणि म्हणाले, "ही माझी मुलगी आहे हे सांगायची मला लाज वाटते. उभी राहा." मी उभी राहिले. पूर्ण तास. घंटा झाली, पोरं गेली, अण्णा खडू पुसून निघून गेले, तरी बस म्हणाले नाहीत. मी शाळेचे शिपाईमामा घरी जा म्हणेपर्यंत उभीच होते. त्यानंतर मी गणिताचं पुस्तक उघडलं नाही. नापास झाले, परत बसले, कशीबशी सुटले. माझा हा जो राग आहे ना, सगळ्यांना वाटतो जन्माचा आहे. जन्माचा नाही, सातवी ब चा आहे.

आणि आता तोच माणूस म्हणतो, चूक माझी, वह्या रद्दीत घाल. मला त्यांची कीव आली. कीव आली म्हणून आणखी राग आला.

शुक्रवारी दुपारी अण्णा झोपले होते. दुसऱ्या दिवशी गुजरीवाला येणार. मी म्हटलं, चुकले असतील तर कुठं चुकले ते तरी मला कळलं पाहिजे. फोनमधला पाटीचा फोटो काढला, पहिले सतरा अंक कागदावर घेतले आणि सतरानं भागायला बसले. सतराचा पाढा बाजूला लिहून घेतला, आता हसू नका. एवढा लांब भागाकार मी कधी केला नव्हता. घाम फुटला. शेवटी बाकी आली एक. लॅपटॉप खरं बोलत होता.

मी डोकं धरून बसले. म्हणजे अण्णा चुकलेच. अकरा वर्षं! मग म्हटलं, वहीत बघावं, त्यांनी स्वतः हा भागाकार कसा केलाय. एकतिसावी वही काढली. धूळ होती, खोकलाही आला. तिथं त्यांनी सतराचा भागाकार पूर्ण मांडला होता आणि शेवटी बाकी शून्य. मी पडताळून बघितला. शून्य. परत केला. शून्यच.

एकाच संख्येची बाकी एकदा एक आणि एकदा शून्य कशी येईल? मी फोन वहीशेजारी ठेवला आणि प्रूफ तपासतात तसं बोट ठेवून ओळ ओळ लावली. पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी बरोबर. चौथी ओळ, वहीत शून्य सात आठ सहा शून्य. पाटीवर शून्य आठ सात सहा शून्य.

सात आणि आठ उलटे पडले होते. उतरवलं कुणी? मी. नागनाथशी भांडत भांडत.

आणि नवाचा ताळा? तो जुळणारच की! अंक जागा बदलून बसले तरी बेरीज तीच राहते. हे मला अण्णांनीच लहानपणी शिकवलं होतं, की नवाचा ताळा उलटापालट पकडत नाही, ती पकडायची तर अकराचा ताळा बघायचा, एक सोडून एक अंक मिळवून दोन बेरजांतला फरक काढायचा आणि अकरानं भागून बाकी बघायची. आणि वहीत "नवाचा ताळा दोन" च्या खाली दुसरी ओळ होतीच, "अकराचा ताळा दहा". ती मी त्या दिवशी वाचली होती. वाचून म्हटलं होतं, कोण बसतंय एवढं करत. आता करून बघितला. वहीतल्या संख्येचा दहा, माझ्या कागदाचा एक. दोन मिनिटांचं काम होतं.

त्या घटकेला मला स्वतःचा जो राग आला, त्यापुढं नागनाथ-बिगनाथ काहीच नाहीत. बत्तीस वर्षं प्रूफं वाचणारी बाई! स्वतःच्या बापाची एक संख्या नीट उतरवता आली नाही. आणि वर अख्ख्या बेंगळुरूला शिव्या घालत फिरतेय.

अण्णा उठले. पडवीत खुर्ची टाकून बसले. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, सतरावा अंक कोणता?"

"सात," ते म्हणाले. विचार करायलाही थांबले नाहीत.

आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

"म्हणजे पाठ आहे तुम्हाला! त्या दिवशी तो योगीराज आठ म्हणाला तेव्हाच कळलं होतं तुम्हाला!"

"हं."

"कुणी उतरवलं तेही कळलं होतं."

"घरात लिहिता-वाचता येणारं दुसरं कोण आहे?"

"मग चूक माझी आहे असं का म्हणालात? दोनशे माणसं दात काढत होती तुमच्यावर! एक शब्द टाकला असतात की मुलीनं उतरवताना गडबड केली, तर संपलं होतं!"

अण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "पंचेचाळीसचे चोपन्न," ते म्हणाले. "सातवी ब. तुला वाटलं मी विसरलो?"

मी त्यांच्या खुर्चीजवळ सरकले.

"बेचाळीस मुलांसमोर केलं होतं ते मी," ते म्हणाले. "तुझं गणित मी मारलं, शालन. आता दोनशे माणसांसमोर पुन्हा तेच करू? या वयात?"

"आणि वह्या? त्या का रद्दीत घालायला निघालात?"

"तू काही सोडणारी नव्हेस. एक ना एक दिवस उघडून बसली असतीस. संख्या मला पाठ आहे. वह्या काय करायच्यात?"

मला रडू यायला लागलं, आणि मला रडताना कुणी पाहिलेलं चालत नाही, त्यांना नीट दिसत नसलं तरी. मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं सांगत नाही. "उपकार करू नका माझ्यावर! बारा वर्षांची होते मी तेव्हा, तेव्हा वाचवायचं होतंत! आता एकसष्टाव्या वर्षी मला वाचवायला अकरा वर्षांचं काम गुजरीला देताय? कुणी सांगितलं होतं?" शेजारच्या गॅलरीत दोघी येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बघा, बघा, नीट बघा!" त्या आत गेल्या. अण्णा मान खाली घालून ऐकत होते, वर्गात मी ऐकत होते तसेच.

शनिवारी गुजरीवाला आला. त्याला जुने पेपर दिले आणि वह्यांकडं बघशील तर याद राख म्हणून सांगितलं. मग नागनाथला फोन.

"उद्या मंडळाची बैठक आहे ना? मला दहा मिनिटं हवीत. योगीराजला लॅपटॉप घेऊन यायला सांग."

"अक्का, अजेंडा भरलाय हो. पुढच्या महिन्यात स्वल्प..."

"नागनाथ, मी येणार आहे. दहा मिनिटं दिलीस तर दहा मिनिटं बोलेन. नाही दिलीस तर पूर्ण बैठकभर बोलेन."

"सरी अक्का, सरी," म्हणत तो कबूल झाला.

साठेक माणसं होती. मागल्या रविवारची बरीचशी. मी अण्णांना पुढच्या खुर्चीत बसवलं आणि एकतिसावी वही योगीराजच्या हातात दिली. म्हटलं, यातूनच टाइप कर, अंक मोठ्यानं म्हण, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तो अंक म्हणत गेला. हिरवं, हिरवं. सोळाला येऊन थांबला.

"सतरावा अंक, सात," योगीराज म्हणाला. हिरवं.

अठरा, एकोणीस, वीस. पंचविसापर्यंत सगळं हिरवं. त्यानं स्वतःहूनच पुढं एकेक अंक लावून बघितला, शून्यापासून नऊपर्यंत. दहाच्या दहा वेळा लाल. "इथे संपतंच," तो म्हणाला. "व्वा!"

"शून्य लावलंस तर सव्वीसनं भागून बाकी बारा येते," अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले. "म्हणजे आणखी चौदा हवेत. एका घरात चौदा मावत नाहीत."

योगीराजनं लॅपटॉपवर काहीतरी केलं. "बारा," तो म्हणाला. "सर, एक्झॅक्टली बारा." तो खाली वाकून अण्णांच्या पाया पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागल्या वेळी हसलेल्यांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या, ते मी बघून ठेवलंय.

नागनाथ लगेच माईकवर. "म्हणजे मित्रहो, पाटी छापणाऱ्यानं काहीतरी गोंधळ घातला होता. असो. सरांची आपण..."

तिथं मी सुटले असते. अण्णांनीही मान हलवली, हो, असंच असेल म्हणून. परत तेच! मी उठून उभी राहिले.

"छापणाऱ्याचा काही दोष नाही," मी म्हणाले. माईक नव्हता, मला लागत नाही. "संख्या मी उतरवली. सात-आठचे आठ-सात मी केले. अण्णांना हे त्याच दिवशी कळलं होतं, आणि माझी शोभा होऊ नये म्हणून त्यांनी तुमचं हसणं अंगावर घेतलं. ताळा पाहायचा तो मी अर्धाच पाहिला. चूक माझी आहे. हसायचं तर आता हसा, मला हसा."

कुणी हसलं नाही. मी उभीच होते. बोलणं संपलं होतं, बसायला हरकत नव्हती, पण पाय वळेनात. बारा वर्षांची असताना वळले नव्हते, तसेच.

अण्णांनी चेहरा माझ्याकडं न वळवता भिंतीकडं वळवला. म्हणजे ते मला नीट बघत होते.

"शालन," ते म्हणाले, "खाली बस."

मी बसले. साठ माणसांच्या देखत डोळे पुसले, आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "एकोणपन्नास वर्षं लावलीत, अण्णा. एवढ्या वेळात दुसऱ्या कुणी सव्विसावा अंकसुद्धा शोधला असता."

"नाही सापडत तो," अण्णा म्हणाले. "मी बघितलंय." आणि त्यांनी माझा हात धरला, घरी पोचेपर्यंत सोडला नाही.